पिवळा पट्टा, हिरवा पट्टा

भिवंडीहून वाड्याकडे जाणारा रस्ता अंबाडी नाक्यावर आला की एक फाटा वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे वळतो. एका बाजूला तानसेच्या खोऱ्यातली भातखाचरे, दुसरीकडे अवजड ट्रकांची रांग, आणि अधूनमधून ‘एनए प्लॉट विकणे आहे’ असे फलक. या भागात जमिनीचा व्यवहार करायला कोणी आला की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. सातबारा क्लिअर आहे का? आणि जागा कुठल्या झोनमध्ये येते, यलो की ग्रीन?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची गावाला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. फेरफार कसा वाचायचा, इतर हक्कात कोणाचे नाव आहे, कूळ लागले होते का, हे नाक्यावरच्या चहाच्या टपरीवरही कोणीतरी समजावून सांगतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ठाण्यातल्या नगररचना कार्यालयात टांगलेल्या एका नकाशात असते आणि तो नकाशा गावातल्या फार थोड्यांनी पाहिलेला असतो. तो रंग कोणी ठरवला, केव्हा ठरवला, तो बदलतो कसा आणि बदलताना कोणाला विचारले जाते, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

झोन दाखला हा कागद पाहिला तर साधा, जेमतेम एका पानाचा. अर्जदाराने सातबाराचा ताजा उतारा आणि मोजणीचा नकाशा जोडायचा, शुल्क भरायचे. मग कार्यालयातला कर्मचारी गावाच्या नकाशावर तो गट शोधतो आणि योजनेच्या नकाशाशी ताडून पाहतो. उत्तर दोन ओळींत येते. अमुक गट नंबर मंजूर योजनेनुसार हरित विभागात समाविष्ट आहे, किंवा नागरी विभागात आहे. प्रस्तावित रस्त्याने बाधित आहे किंवा नाही. या दोन ओळींमुळे शेजारशेजारच्या दोन गटांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हिरव्या पट्ट्यात शेतघर बांधायचे तर किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते आणि बांधकामही मोजकेच करता येते. पिवळ्या, म्हणजे नागरी पट्ट्यात राज्याच्या सध्याच्या नियमावलीनुसार मूळ चटई क्षेत्र निर्देशांकच १.१० आहे, शिवाय रस्त्याच्या रुंदीप्रमाणे अधिमूल्य भरून आणखी मिळतो. बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे माती तीच, पाऊस तोच. फरक आहे तो सरकारने घेतलेल्या एका निर्णयाचा.

भिवंडी तालुका हा विषय शिकण्यासाठी महाराष्ट्रातल्या उत्तम जागांपैकी एक आहे, कारण इथे एकाच तालुक्यात तीन कारभार शेजारी शेजारी नांदतात. शहरात भिवंडी-निजामपूर महानगरपालिका आणि तिची विकास योजना. शहराला लागून काल्हेर, काशेली, राहनाळ, वळ, मानकोली अशा अनेक गावांचे अधिसूचित क्षेत्र. तिथे २००७ पासून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) हे विशेष नियोजन प्राधिकरण आहे. आणि त्यापलीकडे उरलेला ग्रामीण भाग, जिथे मुंबई महानगर प्रदेशाची प्रादेशिक योजना चालते आणि परवानगीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. तानसा ही या महानगर प्रदेशाची उत्तरेकडची जुनी सीमा. अंबाडी त्या सीमेजवळ, महानगराच्या काठावरच आहे. काठावर निर्णय सगळ्यात उशिरा कळतात आणि जमीन सगळ्यात आधी विकली जाते, म्हणून या विषयाची ओळख मुंबईच्या फोर्टपेक्षा अंबाडी नाक्यावरून करून घेणे अधिक योग्य.

जमिनीचे वापरानुसार विभाग पाडण्याची कल्पना जुनी नाही. १८९१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्टने शहराचे भाग पाडून प्रत्येकाला वेगळे बांधकाम नियम लावले. १९१६ मध्ये न्यूयॉर्कने संपूर्ण शहराला लागू होणारी नियमावली केली आणि १९२६ मध्ये ओहायो राज्यातल्या युक्लिड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनेला धरून आहेत असे ठरवले. घर एकीकडे, दुकान दुसरीकडे, कारखाना तिसरीकडे, ही मांडणी तिथून जगभर पसरली. इंग्लंडने वेगळी वाट धरली. १९४७ च्या कायद्याने त्यांनी जमीन विकसित करण्याचा हक्कच सरकारकडे घेतला आणि प्रत्येक अर्ज त्याच्या गुणदोषांवर तपासायचे ठरवले. पहिल्या पद्धतीत नियम आधी लिहिलेला असतो आणि अधिकाऱ्याचे हात बांधलेले असतात. दुसरीत अधिकाऱ्याच्या विवेकाला जागा असते. महाराष्ट्राने दोन्हींतून उचलले आहे. नियमांचा जाडजूड ग्रंथ आहे आणि सरकारचा विशेषाधिकारही शाबूत आहे. या मिश्रणातूनच इथले बहुतेक वाद उभे राहतात.

मुंबई इलाख्यात नियोजनाची सुरुवात रोगराईतून झाली. १८९६ ची प्लेगची साथ, १८९८ ची सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, आणि मग १९१५ चा मुंबई नगररचना कायदा, देशातला अशा प्रकारचा पहिला. त्याच सुमारास पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश विचारवंत इलाख्यातली गावे पायी फिरत होता. जुनी वस्ती पाडून सरळ रस्ते काढण्यापेक्षा आधी लोक कसे राहतात ते नीट पाहा, असा त्याचा आग्रह होता. पुढे तो मुंबई विद्यापीठात प्राध्यापकही झाला. १९१५ च्या कायद्याचे मुख्य हत्यार होते नगररचना योजना: एखाद्या भागातल्या सगळ्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते आणि मैदानांसाठी सगळ्यांकडून थोडी थोडी जागा घ्यायची आणि उरलेले भूखंड नव्या आकारात मूळ मालकांना परत द्यायचे. हे हत्यार गुजरातने हाती धरून ठेवले. महाराष्ट्र मात्र १९५४ च्या कायद्यानंतर विकास योजना आणि आरक्षण या वाटेने गेला, आणि आरक्षणाखाली अडकलेल्या जमिनींचे हजारो दावे आपल्या वाट्याला आले.

मुंबईबाहेर पाहण्याची गरज १९५८ च्या बर्वे अभ्यासगटाने दाखवली. १९६५ मध्ये नेमलेल्या धनंजयराव गाडगीळ समितीने शहराचा विचार त्याच्या आसपासच्या प्रदेशासह व्हायला हवा असे सांगितले. त्यातून १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. तो जानेवारी १९६७ पासून अमलात आहे. ‘एमआरटीपी’ म्हणून ओळखला जाणारा हा कायदाच या क्षेत्राचा पाया. मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना १९७३ मध्ये मंजूर झाली, दुसरी १९९९ मध्ये, तिसरी २०२१ मध्ये. अंबाडीसारख्या गावाचा रंग ठरला तो या तीन कागदांवर.

सिद्धान्त पुस्तकात नीट बसतात, भिवंडीत बसत नाहीत.

घर आणि कारखाना वेगळे ठेवा, हे झोनिंगचे मूळ सूत्र. पण भिवंडीत माग घराच्या तळमजल्यावर चालतो आणि कामगार वरच्या पोटमाळ्यावर झोपतो. उत्तर भारतातून आलेल्या विणकर कुटुंबांनी इथे हातमाग आणले, विसाव्या शतकात यंत्रमाग आले आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतले काम इकडे वळले तशी यंत्रमागाची वस्ती फुगत गेली. नियमावलीच्या भाषेत हा ‘विसंगत वापर’. पण शहर त्याच विसंगतीवर पोट भरत असेल तर नियम कोणाला विसंगत म्हणतो हे विचारायलाच हवे. जपानमध्ये झोनिंगचा कायदा साऱ्या देशाला एक आहे, विभाग तेराच, आणि अनेक निवासी विभागांत लहान दुकान किंवा छोटा कारखाना चालतो. किती मोठा आणि किती त्रासदायक, एवढीच मर्यादा. भिवंडीच्या गल्ल्यांना फ्रँकफुर्टपेक्षा ही रीत जवळची वाटेल.

गोदामांची गोष्ट याहून बोधक आहे. मुंबईत माल नेला की जकात भरावी लागे, म्हणून व्यापाऱ्यांनी माल शहराच्या वेशीबाहेर उतरवला. ठाण्याच्या खाडीपलीकडे भिवंडीच्या ग्रामपंचायत हद्दीत गाळे उभे राहिले. मिठागराची, खाचराची जमीन भरून पत्र्याचे छत टाकले की झाले गोदाम. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला हीच बांधकाम परवानगी असा समज मुद्दाम रुजवला गेला. तो खोटा होता आणि तो रुजवणाऱ्यांना तो खोटा असल्याचे ठाऊक होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली, तरी गोदामे गेली नाहीत. उलट ऑनलाइन व्यापाराने ती वाढवली. आज देशातल्या सर्वांत मोठ्या गोदाम पट्ट्यांत भिवंडीचे नाव घेतले जाते आणि त्यातला बराच भाग आधी उभा राहिला, नियम मागून आले.

याची किंमत कोणी मोजली हे २९ एप्रिल २०२३ रोजी वळ गावाच्या हद्दीत दिसले. तळमजल्यावर गोदाम आणि वर भाड्याने राहणारी कुटुंबे, अशी इमारत भर दिवसा कोसळली आणि आठ जणांचा जीव गेला. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये शहरातल्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पहाटे बसली होती. तिथले मृत्यू पस्तिशीच्या पुढे होते. एका इमारतीवर एका प्राधिकरणाचे नियम लागू होते, दुसरीवर दुसऱ्याचे. अनुभव सारखाच: वापर काय चालू आहे, मजले किती चढले आहेत, भार किती पडतो आहे, हे तपासणारे कोणी वेळेवर पोहोचले नाही. जमीन वापराचे नियम हा माणसांच्या जिवाशी निगडित विषय आहे. तो फक्त बिल्डर आणि वास्तुविशारदांच्या वर्तुळात चर्चिला जावा, ही सवय आता मोडायला हवी.

नियम बदलतात कसे, हा या पुस्तकाचा गाभा. इथे थोडे थांबून पाहू.

बदलाचा एक रस्ता लांबचा आणि सगळ्यांसमोरून जाणारा आहे. विकास योजनेची सुधारणा वीस वर्षांतून एकदा तरी झाली पाहिजे, असे कलम ३८ सांगते. आधी इरादा जाहीर करायचा, मग विद्यमान जमीन वापराचा नकाशा, मग प्रारूप योजना. कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध झाले की हरकती-सूचनांना ठरावीक मुदत मिळते. त्या ऐकते नियोजन समिती: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. मग महासभा, मग सरकार. सरकारने मोठे फेरबदल केले तर तो भाग वगळून पुन्हा हरकती मागवायच्या. कार्यालयांच्या बोलीत त्याला ‘ईपी’ (एक्सक्लूडेड पार्ट) म्हणतात. हा रस्ता किती खडतर असतो ते पुण्याने दाखवले. जुन्या हद्दीच्या २०१३ च्या प्रारूपावर सुमारे ८७ हजार हरकती आल्या, २०१५ मध्ये सरकारने योजना महापालिकेकडून काढून घेतली आणि २०१७ च्या जानेवारीत मंजुरी दिली. मुंबईत २०१५ चे प्रारूप चुकांनी इतके भरलेले निघाले की दोन महिन्यांत सरकारला ते नव्याने करण्याचा आदेश द्यावा लागला. अंतिम योजना २०१८ मध्ये आली. दोन्ही शहरांत लोकांनी रांगा लावून अर्ज दिले. आपल्या शाळेच्या मैदानावर काय लिहिले आहे ते त्यांनी नकाशात शोधले. दमछाक झाली, पण विषय घराघरात पोहोचला.

दुसरा रस्ता जवळचा. कलम ३७ खाली योजनेत किरकोळ फेरबदल करता येतो, अट एवढीच की योजनेचे मूळ स्वरूप बदलू नये. राजपत्रात नोटीस, हरकतींना एक महिना, सुनावणी, सरकारची मंजुरी. त्याच कलमाच्या (१कक) पोटकलमाने सरकार स्वतःहूनही असा बदल करू शकते. प्रादेशिक योजनेसाठी हेच काम कलम २० करते. एखाद्या गावातला एखादा गट हिरव्याचा पिवळा होतो तो बहुतेक वेळा या वाटेने. त्याशिवाय कलम १५४ आहे. सरकारने प्राधिकरणांना निर्देश देण्याचे. अलीकडच्या वर्षांत नियमावलीतल्या अनेक दुरुस्त्या एकाच दिवशी दोन्ही कलमांखाली निघाल्या: ३७ खाली हरकती मागवायच्या आणि १५४ खाली तोच प्रस्तावित बदल तात्काळ अमलात आणायचा. म्हणजे हरकत ऐकायच्या आधी नियम लागू. कायद्यात याला आधार शोधता येईल. पण हरकतीचा महिना लोकांना दिला आहे तो ऐकून मग ठरवण्यासाठी. त्याच दिवशी परवानग्या सुटू लागल्या तर त्या महिन्याला काही अर्थ उरत नाही, आणि हे पुस्तक तसे स्पष्ट म्हणते.

तिसऱ्या प्रकाराला बदल म्हणण्यापेक्षा माफी म्हणणे बरोबर. २००१ चा गुंठेवारी कायदा, त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवणारी नंतरची दुरुस्ती, आणि एमआरटीपीत २०१७ मध्ये घातलेले कलम ५२क, ज्याने २०१५ अखेरपर्यंतची काही अनधिकृत बांधकामे दंड घेऊन नियमित करण्याची सोय केली. गरिबाने तुकडा घेऊन बांधलेले दोन खोल्यांचे घर आणि एकरभर पसरलेले गोदाम यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. घराला संरक्षण हवे. गोदामाला हिशेब हवा.

नियोजनाच्या या शाखेत विचारप्रवाह अनेक आहेत. कडक विभागणी मानणारे. जेन जेकब्जच्या १९६१ च्या पुस्तकापासून मिश्र वापराची बाजू घेणारे. आणि बाजाराच्या मार्गाने जाणारे, ज्यांचा ठसा १९९१ च्या मुंबई नियमावलीतल्या हस्तांतरणीय विकास हक्कावर, म्हणजे टीडीआरवर दिसतो. आरक्षित जमीन द्या, मोबदल्यात दुसरीकडे चटई क्षेत्र घ्या, ही कल्पना तिजोरीवर भार न टाकता मैदाने मिळवून देईल असे वाटले होते. काही मिळाली. पण चटई क्षेत्र हेच चलन झाले आणि नियोजनाची भाषा रस्ते, पाणी, शाळा सोडून निर्देशांकाच्या आकड्यांवर येऊन ठेपली. भिवंडीच्या संदर्भात मिश्र वापराच्या बाजूकडे या पुस्तकाचा कल आहे, आणि त्यासोबत अग्निसुरक्षा, रचनेची मजबुती आणि रसायनांची साठवण यांबाबत कडक तपासणीचा आग्रहही आहे.

हे सगळे आताच समजून घेण्याची निकड आहे. डिसेंबर २०२० मध्ये बृहन्मुंबई आणि आणखी काही क्षेत्रे वगळता राज्यभर एकच विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. ‘यूडीसीपीआर’ हे नाव आता तालुक्याच्या गावीही ऐकू येते. शहराशहरांतल्या वेगवेगळ्या नियमांचा गोंधळ तिने पुष्कळ कमी केला, हे तिचे श्रेय. पण एका अधिसूचनेने वाड्यापासून वर्ध्यापर्यंत सगळीकडे नियम बदलतो, तेव्हा हरकत घेणारा गावकरी कोणत्या गावचा मानायचा? महसूल कायद्यातही २०१४ पासून कलम ४२ ला जोडून नवी कलमे घातली गेली. विकसनक्षम विभागातल्या, गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला स्वतंत्र बिनशेती (एनए) परवानगीची गरज उरली नाही. आकारणी आणि रूपांतर कर भरला की पुरे. याचा अर्थ पूर्वी बिनशेतीच्या प्रकरणात जी दुसरी चाळणी होती ती गेली आणि सगळा भार योजनेतल्या रंगावर आला.

दरम्यान तालुक्याभोवती रस्त्यांचे जाळे घट्ट होत आहे. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि तो संपतो भिवंडी तालुक्यातल्या आमणे इथे. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि विरार-अलिबाग मार्गिकाही याच तालुक्यातून जायच्या आहेत. रस्ता आला की गोदामाची मागणी येते, आणि मागणी आली की हिरव्याचा पिवळा किंवा जांभळा, म्हणजे औद्योगिक, करण्याचे अर्ज येतात. तालुक्यातली काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर महसूल कायद्याच्या कलम ३६क चे निर्बंध आहेत. झोन बदलला म्हणून हे निर्बंध उठत नाहीत, तरी वारली आणि कातकरी कुटुंबांशी होणाऱ्या तोंडी सौद्यांत तसेच सांगितले जाते. ज्याला कायद्याचे एकच पान वाचायला वेळ आहे त्याने हे वाचावे.

या पुस्तकाचा वाचक सरपंच आहे, ग्रामसेवक आहे, महाविद्यालयातला विद्यार्थी आहे, बातमीदार आहे, आणि पाच गुंठे विकावे की ठेवावे या विचारात पडलेला शेतकरी आहे. परवानगी काढून देणाऱ्यांसाठी बाजारात मार्गदर्शिका भरपूर मिळतात. ही तशी नाही. इथे नकाशा वाचायला शिकवले आहे, राजपत्रातली नोटीस कशी असते ते तिच्या अंगोपांगांसह दाखवले आहे, हरकतीचा अर्ज कसा लिहावा आणि सुनावणीत काय मागावे ते सांगितले आहे. ‘सदर फेरबदलास आमचा विरोध आहे’ एवढेच लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. गट नंबर, रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी, नाल्याची जागा आणि पाण्याची उपलब्धता लिहिलेल्या अर्जाला उत्तर द्यावे लागते, हे उदाहरणांनी दाखवले आहे.

काही विषय जाणूनबुजून बाहेर ठेवले आहेत. किनारपट्टीचे सीआरझेड नियम, झोपडपट्टी पुनर्वसन आणि एमआयडीसीची क्षेत्रे यांची यंत्रणा इतकी वेगळी आहे की त्यांना या पानांत न्याय देता आला नसता. भूसंपादनाच्या मोबदल्याचा प्रश्नही जिथे आरक्षणाशी, विशेषतः कलम १२७ शी जोडला जातो तेवढाच घेतला आहे. दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही तर मालकाने खरेदी सूचना द्यायची. त्यानंतर प्राधिकरणाला मिळणारी मुदत सहा महिन्यांवरून बारा आणि २०१५ मध्ये चोवीस महिन्यांवर गेली. त्या दीर्घ मुदतीचा फटका कोणाला बसतो याची चर्चा मात्र सविस्तर आहे.

पुस्तकाच्या अखेरीस एक मागणी मांडली आहे आणि या प्रस्तावनेचा तिला पूर्ण पाठिंबा आहे. कलम २० किंवा ३७ खाली कोणत्याही गावाच्या गटाचा विभाग बदलण्याचा प्रस्ताव निघाला की त्याची नोटीस आणि नकाशाची रंगीत प्रत त्या गावच्या ग्रामपंचायतीत पहिल्याच दिवशी लागावी, ग्रामसभेत ती मराठीतून वाचून दाखवावी आणि हरकतीचा महिना त्या वाचनाच्या तारखेपासून मोजावा. यासाठी नवे प्राधिकरण लागत नाही, निधीही फारसा लागत नाही. अधिनियमात एक दुरुस्ती पुरेल, आणि तिचा मसुदा परिशिष्टात दिला आहे.